नांगर न लागलेले कुरण



या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहासाचे मोठमोठे अभ्यासक येऊन गेले आहेत आणि पुढेही येतील. मी त्यांच्या पंक्तीतला नव्हे. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या दारात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज मी जे मांडणार आहे त्यात पांडित्य शोधू नये. एका कामगार कार्यकर्त्याने कामाच्या ओघात जे वाचले आणि ज्यावर जमेल तसा विचार केला, तेवढेच त्यात सापडेल.

विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांची भाषा बोलणारा माणूस इंग्लंडमधल्या एका नदीकाठच्या कुरणावर, तिथल्या गवतावर आणि बदकांवर काय बोलणार? त्याची हकिकत अशी. ऑक्सफर्ड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विद्यापीठ उभे राहते. पण त्या शहराला एक कामगारवस्तीही आहे. तेथील काउली भागात मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या प्रेस्ड स्टील या कारखान्यात १९३४ साली संप झाला आणि युनियनला मान्यता मिळाली. मी त्या संपाविषयी वाचीत होतो. वाचता वाचता सहज प्रश्न पडला की याआधी या भागातली सामान्य माणसे कधी एकजुटीने उठली होती काय? मागे मागे जाता मी १८३० सालापर्यंत पोहोचलो, आणि पाहतो तो तेथे भांडण मजुरीचे नव्हते, चराऊ जमिनीचे होते. त्या जमिनीचा शोध घेता घेता शहराच्या अगदी कडेला असलेल्या दुसऱ्या एका कुरणाशी येऊन थांबलो. मी ऑक्सफर्ड डोळ्यांनी पाहिलेले नाही. परंतु त्या कुरणाचा इतिहास वाचल्यापासून ते माझ्या मनातून जात नाही. कारण त्या इतिहासात माझ्या स्वतःच्या धंद्यातला एक धडा मला सापडला.

या कुरणाचे नाव पोर्ट मेडो. पोर्ट म्हटले की आपल्याला बंदर आठवते, पण जुन्या इंग्रजीत पोर्ट म्हणजे बाजारपेठेचे गाव. आपल्या भाषेत सांगायचे तर हे ‘कसब्याचे कुरण’ झाले. शहराच्या वायव्येला, थेम्स नदीच्या काठी, तीनशे एकरांहून अधिक पसरलेले हे सपाट गवताळ रान आहे. उत्तरेस वुल्व्हरकोट नावाचे जुने गाव आणि त्या गावचे गायरान त्याला लागूनच आहे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वेचा रूळ आणि त्यापलीकडे घरे. शहरातल्या स्टेशनापासून चालत निघालेला माणूस अर्ध्या तासाच्या आत तेथे पोहोचतो. १८६२ सालच्या ४ जुलै रोजी ऑक्सफर्डमधले गणिताचे एक शिक्षक तीन लहान मुलींना घेऊन याच कुरणाच्या काठाने होडीतून वर गॉडस्टोपर्यंत गेले आणि वाटेत त्यांना एक गोष्ट सांगितली. तीच पुढे ‘ॲलिस इन वंडरलँड’ म्हणून जगभर गाजली. हे शिक्षक म्हणजे लुईस कॅरोल.

या कुरणाची दोन रूपे आहेत. हिवाळ्यात नदी फुगली की पाणी काठ ओलांडून आत शिरते आणि गवतावर उथळ सरोवर पसरते. मग उत्तरेकडच्या थंड मुलखातून पक्ष्यांचे थवे उतरतात. विजन नावाची शिट्टी घालणारी बदके येतात, टील येतात, डोक्यावर तुरा मिरविणारी त्या देशातली टिटवी येते, सोनेरी ठिपक्यांचे प्लोव्हर शेकड्यांनी बसतात. त्यांच्यात तलवार बदक आणि थापट्या हेही असतात. हे शेवटचे दोन पाहुणे आपल्यालाही परके नाहीत. याच जातींची बदके हिवाळ्यात आपल्या नांदूर मधमेश्वरच्या पाण्यावर दिसतात. उन्हाळा आला की पाणी ओसरते, गाळ वाळतो, गवत वर येते आणि गाई-घोडी मोकळी सोडली जातात. वर्षाचे हे चक्र नेमके कधी सुरू झाले ते कोणी सांगू शकत नाही. पण ते फार जुने आहे, याचा पुरावा खुद्द जमिनीतच आहे.

तो पुरावा असा. या कुरणात ताम्र-कांस्ययुगातल्या दफनांच्या गोल टेकड्यांचे अवशेष आहेत. लोहयुगातल्या लोकांच्या हंगामी वस्तीच्या गोलाकार खुणा आहेत. ही माणसे कोरड्या दिवसांत गुरे घेऊन येत, चारा संपेपर्यंत राहत आणि पाणी चढण्याआधी उंचवट्यावर परत जात, असे उत्खननावरून दिसते. सुमारे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या या खुणा आज नुसत्या डोळ्यांना किंवा विमानातून घेतलेल्या छायाचित्रात दिसतात. त्या उरल्या याचे कारण साधे आहे. नांगराचा फाळ एकदा जमिनीतून फिरला की असे उंचवटे आणि असे चर काही वर्षांत सपाट होतात. या कुरणाला नांगर लागला नाही, म्हणून ते राहिले. सुमारे चार हजार वर्षे ही जमीन केवळ चराईसाठीच वापरली गेली असे मानतात. लंडनच्या इतक्या जवळ, एका जुन्या आणि वाढत्या शहराला खेटून असलेली, गाळाची सुपीक जमीन चार हजार वर्षे नांगराविना राहते, ही गोष्ट आपोआप घडणारी नाही. ती कोणी राखली आणि कशी, हाच माझ्या आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि वीस वर्षांनी, १०८६ साली, त्याने देशभर मोजणी करून एक दफ्तर तयार करविले. कोणाची जमीन किती, बैल किती, गिरण्या किती, कर किती, हे सारे त्यात लिहिले. या दफ्तराला डूम्सडे बुक म्हणतात. त्यात ऑक्सफर्डच्या प्रकरणात एक नोंद अशी आहे की शहराच्या तटाबाहेर सर्व नागरिकांचे मिळून एक सामाईक कुरण असून त्यापोटी सहा शिलिंग आठ पेन्स भरले जातात. एका शिलिंगाचे बारा पेन्स, म्हणजे एकूण ऐंशी पेन्स झाले. ही एवढीशी ओळ. परंतु बंधुभगिनींनो, दस्तऐवजातल्या एका ओळीची किंमत काय असते ते आमच्यासारख्या माणसांना विचारावे. जिंकलेल्या देशाच्या राजाने स्वतःच्या कारकुनाकडून लिहून घेतले की हे कुरण कोणा सरदाराचे नाही, कोणा मठाचे नाही, ते सर्व नागरिकांचे सामाईक आहे. डेन लोकांशी लढताना मदत केली म्हणून आल्फ्रेड राजाने हे कुरण नागरिकांना दिले, अशी एक आख्यायिका सांगतात. तिला पुरावा नाही. डूम्सडेच्या ओळीला आहे, आणि पुढे नऊशे वर्षे तीच उपयोगी पडली.

आता ‘सर्व नागरिक’ म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर मी आपल्यापुढे एक रामराज्य उभे केल्यासारखे होईल. त्या काळी शहराचा नागरिक, ज्याला ते ‘फ्रीमन’ म्हणतात, तो होण्याचे मार्ग ठरलेले होते. बाप फ्रीमन असला तर मुलगा होई. किंवा एखाद्या कारागिराच्या हाताखाली ठरलेली वर्षे उमेदवारी केली तर मान्यता मिळे. म्हणजे चांभार, शिंपी, खाटीक, सुतार असे कसबी लोक त्यात होते. तथापि बिगारी मजूर त्यात नव्हता, बाहेरून आलेला उपरा नव्हता. फ्रीमेन आणि वुल्व्हरकोटचे गावकरी यांच्यात हद्दीवरून आणि गुरांवरून तंटे होत राहिले, आणि शहराची महापालिका स्वतः नेहमीच धुतल्या तांदळासारखी वागली असेही नाही. सामाईक हक्क हा सर्वांचा हक्क नव्हता. पण तो एकाचा नव्हता, पुष्कळांचा होता. इतिहासात हा फरक लहान नाही.

हक्काबरोबर नियम होते. कोणाचे जनावर सोडायचे आणि कोणाचे नाही, हे ठरलेले असे. त्यावर देखरेख करण्यासाठी शहराचा एक अधिकारी असे. त्याला शेरिफ म्हणतात. शेरिफाचे काम म्हणजे वर्षातून एकदा, आधी दवंडी न पिटता, कुरणावरची सगळी जनावरे हाकून एका जागी आणायची आणि मोजायची. ज्याला हक्क नाही त्याचे जनावर सापडले की मालकाने दंड भरून ते सोडवून न्यायचे. ही चाल विसाव्या शतकातही चालू होती. शेरिफाची ती हाकाटी आजच्या वाचकाला मौजेची वाटते. मला ती वाचताना आमच्या युनियनच्या हिशेबाची वही आठवली. आमच्या एका शाखेत संपनिधीच्या वहीवर दोन सभासदांच्या सह्या लागत आणि कोणत्याही महिन्यात, न सांगता, कोणीही सभासद वही मागू शकत असे. त्यामुळे खजिनदारावर अविश्वास दाखविला असे कोणी मानीत नसे. उलट खजिनदारच म्हणे, की मला रात्री झोप येते ती या वहीमुळे. सामाईक वस्तू टिकते ती अशा मोजदादीने.

आता गवताकडे वळतो, कारण गवतातच या व्यवस्थेचा खरा जमाखर्च वाचावयास मिळतो. पोर्ट मेडोपासून थोड्या अंतरावर, त्याच नदीच्या वरच्या अंगाला यार्नटन आणि पिक्सी नावाची दुसरी कुरणे आहेत. माती तीच, पूर तोच, हवा तीच. फरक एवढाच की तेथे उन्हाळ्यात गुरे सोडीत नाहीत. गवत वाढू देतात, ते कापून वाळवून साठवितात, आणि कापणीनंतर मग गुरे घालतात. या गवताची वाटणीही सामाईक पद्धतीने होई. तेरा लाकडी चेंडू असत, प्रत्येकावर एकेक नाव लिहिलेले. पिशवीतून चेंडू काढायचा आणि ज्याचे नाव निघेल त्याने या वर्षी अमुक पट्टा कापायचा. चांगला पट्टा दर वर्षी एकाच माणसाच्या पदरात पडू नये आणि वाईटही एकाच्याच माथी बसू नये, हा त्यातला हेतू. चिठ्ठ्या टाकण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकली.

१९३७ साली बेकर या संशोधकांनी या दोन प्रकारच्या कुरणांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना असे दिसले की शेजारी शेजारी असूनही दोन्ही ठिकाणची झाडोऱ्याची जात वेगळी आहे. कापणीच्या कुरणात उंच वाढणाऱ्या, डौलाने फुलणाऱ्या वनस्पती आहेत. पांढऱ्या सुवासिक फुलांची मेडोस्वीट आहे, काळपट तांबड्या बोंडांची ग्रेट बर्नेट आहे. कापणीपूर्वी त्यांना फुलावयास आणि बी धरावयास सवड मिळते. पोर्ट मेडोवर मात्र जनावरांचे तोंड वर्षाचे कित्येक महिने गवतावर असते. उंच डोके काढणारे तेथे टिकत नाही. तेथे जमिनीला बिलगून पसरणाऱ्या, पाने चपटी ठेवणाऱ्या, तुडविल्या तरी पुन्हा मुळे धरणाऱ्या वनस्पतींचे राज्य आहे. दोन्ही कुरणांचे नकाशे निसर्गाने काढले खरे, पण शाई माणसाच्या चालीरीतींची होती. एकीकडे ‘आधी कापा, मग चारा’ हा करार, दुसरीकडे ‘चारत राहा, पण मोजून चारा’ हा करार. शतकानुशतके पाळलेले हे दोन करार आज वनस्पतींच्या रूपाने उभे आहेत.

त्या वनस्पतींमध्ये एक फार लहान वनस्पती आहे. तिला इंग्रजीत क्रीपिंग मार्शवर्ट म्हणतात. ओवा, धने, गाजर यांच्या कुळातली ही वनस्पती, बोटभर उंचीची, पांढऱ्या बारीक फुलांची. जाणाऱ्या माणसाचे तिच्याकडे लक्षही जाणार नाही. ब्रिटनमध्ये ती अनेक वर्षे फक्त याच कुरणावर उरली होती. नंतर ती लंडनच्या वॉल्थमस्टो दलदलीतही सापडली. तिची गरज मोठी चमत्कारिक आहे. हिवाळ्यात तिला पुराचे पाणी हवे. पाणी ओसरल्यावर मोकळा चिखल हवा. आणि तो मोकळा राहावा म्हणून गुरांचे खूर हवेत. उंच गवत माजले तर त्या सावलीत ती गुदमरते. जमिनीत तिचे बी पुष्कळ दिवस निजून राहते आणि चिखल उघडा पडला की उगवते. म्हणजे या रोपट्याला वाचवावयाचे असेल तर कुरणाला कुंपण घालून माणसे आणि गुरे बाहेर काढून चालत नाही. गाय गेली की ही वनस्पतीही गेली. आणि गाय राहिली ती चराईच्या हक्कामुळे. डूम्सडेच्या त्या ओळीपासून या बोटभर रोपट्यापर्यंत अशी सरळ वाट आहे.

आता त्याच मुलखातली दुसरी हकिकत ऐका, म्हणजे हक्क गेला की काय होते ते कळेल. ऑक्सफर्डच्या ईशान्येस काही मैलांवर ऑटमूर नावाची विस्तीर्ण दलदल आहे. रे नावाची नदी तीतून वाहते. भोवती सात गावे. या गावांतले गरीब लोक तेथे गुरे, हंस आणि बदके पाळीत, मासे धरीत, सरपण गोळा करीत. १८१५ साली पार्लमेंटने कायदा केला की या जमिनीचे पाणी काढून ती वाटून कुंपणे घालावीत. वाटणीत ज्याची जमीन मोठी त्याला मोठा तुकडा मिळणार. ज्याच्यापाशी एक गाय आणि चार हंस एवढेच, त्याच्या वाट्याला येणार ते कुंपण घालण्याच्या खर्चालाही पुरणारे नव्हते. शिवाय नदीला नवा पाट काढल्यामुळे दुसऱ्याच शेतकऱ्यांच्या जमिनीत पाणी शिरू लागले. १८३० च्या उन्हाळ्यात त्या शेतकऱ्यांनी बांध फोडले. खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. गावकऱ्यांनी त्याचा अर्थ असा घेतला की बांध बेकायदा, तर कुंपणेही बेकायदा. मग रात्री तोंडाला काजळ फासून टोळ्या निघू लागल्या आणि कुंपणे मोडू लागल्या.

१८३० सालच्या ६ सप्टेंबरला मात्र सुमारे हजार माणसे, स्त्रिया आणि मुलांसह, दिवसाढवळ्या निघाली. ऑटमूरच्या हद्दीला संपूर्ण फेरी घालायची आणि जुना हक्क पायांनी लिहायचा, असा त्यांचा बेत होता. वाटेत येईल ते कुंपण त्यांनी मोडले. घोडदळ आले, साठांहून अधिक माणसे पकडली गेली आणि त्यांतल्या चाळीसहून अधिकांना गाड्यांत घालून ऑक्सफर्डच्या तुरुंगाकडे नेण्यात आले. नेमकी त्या दिवशी शहरात सेंट जाइल्सची जत्रा भरली होती. जत्रेतल्या लोकांनी कैदी पाहिले आणि ‘ऑटमूर चिरायु होवो’ अशा अर्थाच्या आरोळ्या उठल्या. दगड-विटांचा वर्षाव झाला, शिपाई पळाले आणि सारे कैदी मोकळे झाले. गावकऱ्यांच्या बाजूने शहर उभे राहिले, असे दृश्य इतिहासात वारंवार दिसत नाही. पुढे काही वर्षे धुमश्चक्री चालली. पण शेवटी कुंपणे राहिली. ऑटमूर वाटले गेले आणि त्याचे पाणी काढण्यात आले. १९९७ साली पक्षिरक्षणाचे काम करणाऱ्या आर. एस. पी. बी. या संस्थेने तेथील जमीन विकत घेतली आणि पाणी पुन्हा साठवून दलदल पुन्हा तयार करण्याचे काम सुरू केले. पक्षी परत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जी वस्तू गावाला फुकट सांभाळता येत होती ती पैसे देऊन परत मिळवावी लागली, आणि गावाचा चराईचा हक्क काही त्या सौद्यात परत आला नाही.

ऑटमूरच्या त्या दंग्यानंतर दोनच वर्षांनी, १८३२ साली, ऑक्सफर्ड विद्यापीठात विल्यम फॉर्स्टर लॉइड नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी व्याख्याने दिली. त्यांत त्यांनी विचारले की सामाईक कुरणावरची गुरे इतकी रोडकी का आणि ते कुरण इतके उजाड का? त्यांचे उत्तर असे की प्रत्येक जण आपले जनावर वाढवितो. फायदा त्याचा एकट्याचा, नुकसान मात्र सर्वांत वाटले जाते. १९६८ साली अमेरिकेतल्या गॅरेट हार्डिन यांनी हाच दाखला उचलून एक निबंध लिहिला आणि तो जगभर गाजला. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, अखेर ते नष्टच होणार, असे त्यावरून पुष्कळांनी ठरवून टाकले. सरकारी कचेऱ्यांत आणि कारखानदारांच्या तोंडूनही मी हे वाक्य निरनिराळ्या रूपांत ऐकले आहे.

मला यात एक गंमत वाटते. प्राध्यापक ज्या शहरात बोलत होते, त्याच शहराच्या कडेला, चालत जाण्याच्या अंतरावर, एक सामाईक कुरण दफ्तरी नोंद झाल्यापासून साडेसातशे वर्षे टिकून होते. त्यांच्या गणितात चूक नव्हती. पण त्यांनी कल्पिलेल्या कुरणावर शेरिफ नव्हता, मोजदाद नव्हती, दंड नव्हता. अमेरिकेच्याच एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीने पुढे अनेक देशांतल्या सामाईक पाण्याचा, रानांचा आणि कुरणांचा अभ्यास करून १९९० साली ग्रंथ लिहिला. जेथे हक्कदार कोण हे ठरलेले आहे, नियम लोकांनी स्वतः केलेले आहेत आणि देखरेखही त्यांचीच आहे, तेथे सामाईक वस्तू शतकानुशतके चालते, असे तिने दाखवून दिले. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली स्त्री. हार्डिन यांनीही पुढे आपले म्हणणे बेबंद कुरणापुरते आहे असा खुलासा केला.

इंग्लंडात एकंदर काय झाले? १६०४ ते १९१४ या काळात कुंपणांचे पाच हजारांहून अधिक कायदे पार्लमेंटने केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे देशाच्या एक पंचमांशाहून थोडी अधिक, त्यांखाली गेली. कुंपण घातलेल्या जमिनीने पुढे धान्य पिकविले हे खरे आहे, आणि वाढत्या शहरांना ते धान्य हवे होते हेही खरे. पण ज्याचा घास गेला त्याला मजूर होऊन त्याच शहरांच्या गिरण्यांत जावे लागले. आमच्या कामगार चळवळीच्या वंशावळीत हे कुंपण फार वरच्या बाजूला आहे. आणि १९३० च्या सुमारास जी काही जुनी फुलांची गवताळ राने इंग्लंड-वेल्समध्ये उरली होती, त्यांतलीही सुमारे ९७ टक्के पुढच्या पन्नास वर्षांत नांगर, खते आणि बांधकाम यांनी गिळली. पोर्ट मेडोला म्हणूनच आज मोल आले आहे. १९५२ साली ते शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून नोंदले गेले.

तरी ते निर्धास्त आहे असे समजू नका. पहिल्या महायुद्धात कुरणाच्या उत्तर भागात वैमानिकांना शिकविण्याचे मैदान होते. तेथे प्राण गमावलेल्या १७ वैमानिकांचे स्मारक २०१८ साली उभारले गेले. कुरणाला लागून शहराचा कचरा टाकला जाई. त्या उकिरड्यावर आता झाडी आहे. २०१३ च्या सुमारास विद्यापीठाने कुरणाच्या दक्षिणेस विद्यार्थ्यांसाठी उंच इमारती उभ्या केल्या आणि कुरणावरून दिसणारे मनोऱ्यांचे जुने दृश्य झाकले गेले. वरचे मजले उतरवावेत यासाठी लोकांनी मोहीम केली, ठराव मतास गेला आणि २०१५ साली तो फेटाळला गेला. २०२२ साली येथील नदीच्या एका प्रवाहाला पोहण्याचे पाणी म्हणून सरकारी मान्यता मिळाली, आणि पहिल्याच तपासणीत त्या पाण्याला ‘निकृष्ट’ हा शेरा मिळाला. कुरणावर नांगर चालविण्याचे धाडस आता कोणी करणार नाही. धोका आता कडेने येतो आणि वरच्या प्रवाहातून वाहत येतो. शेरिफाच्या हाकाटीत सांडपाणी पकडता येत नाही. त्यासाठी नवे नियम आणि नवे पहारेकरी लागतात, आणि ते काम तेथील सामान्य माणसेच करीत आहेत.

आता एक घरची गोष्ट सांगतो. मी लहान होतो तेव्हा आमच्या कामगार वसाहतीच्या मागे ओढ्याकाठी एक मोकळी पड होती. पावसाळ्यात तेथे पाणी साचे, बेडूक ओरडत, टिटव्या अंडी घालीत. उन्हाळ्यात कोणाच्या म्हशी बसत, आम्ही पोरे विटीदांडू खेळत असू, आणि माझी आई तेथून टाकळ्याची भाजी खुडून आणी. ती जागा सर्वांची आहे असे आम्ही धरून चाललो होतो. एके दिवशी सकाळी तेथे तारेचे कुंपण दिसले. चौकशी करावयास गेलेल्या वडीलधाऱ्यांना विचारण्यात आले की तुमचा हक्क कोणत्या कागदावर आहे? कोणत्याच कागदावर नव्हता. आम्ही कधी मोजदाद केली नव्हती, नियम केला नव्हता, सभा भरविली नव्हती. जागेवर प्रेम होते, पण तिचा पहारा कोणी केला नाही. दोषाचा मोठा वाटा कुंपण घालणाऱ्याचा, पण थोडा आमचाही होता, असे आज मला वाटते.

म्हणून मी या परदेशातल्या कुरणाची एवढी लांबण लावली. बदके आणि फुले हा श्रीमंतांचा छंद आहे, गरिबाला त्याचे काय, असे आमच्यातलेही काही सहकारी म्हणतात. पोर्ट मेडो त्यांना उत्तर देते. तेथील बदके आणि ते बोटभर रोपटे राखले ते कोणा शौकिनाने नव्हे. चांभार, खाटीक आणि गावकरी आपल्या गाईला चारा मिळावा म्हणून भांडले, आणि त्यांच्या हट्टात पक्षीही वाचले. त्यांनी तीन गोष्टी केल्या. हक्क दप्तरात लिहून घेतला. आपल्याच माणसांवर नियम लादून घेतला. आणि दर वर्षी चिखलात उतरून जनावरे मोजली. तिन्हींतली शेवटची सर्वांत कंटाळवाणी आहे, आणि माझा युनियनमधला अनुभव सांगतो की पहिल्या दोन टिकतात त्या तिच्याच जोरावर.

 उद्या सकाळी आपल्यापैकी कोणी नदीकाठी फिरावयास गेलेच, तर तेथली मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे याची चावडीवर एकदा चौकशी करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.